डोळे न उघडलेली मांजराची पिल्लं सापडली तर

जिन्याखाली किंवा माळ्यावर पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नका. मांजरी बऱ्याचदा खायला गेलेली असते, नाहीतर एकेक पिल्लू दुसरीकडे हलवत असते. पिल्लं उबदार आणि शांत असतील तर दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवा. गार पडलेली किंवा सतत ओरडणारी असतील तर मात्र थांबू नका.

घरी आणल्यावर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या सुती साडीत गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं.

गाई-म्हशीचं दूध नकोच. त्याने जुलाब होतात आणि एवढासा जीव बघता बघता सुकतो. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पेट शॉपमध्ये मिळते. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथंच धरा. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसा. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि काही पिल्लं त्यापायी दगावतात. आई चाटते तेव्हाच त्यांना होते. पहिले तीन आठवडे आपणहून जमत नाही.

किचनच्या काट्यावर रोज वजन करा. जन्मतः साधारण १०० ग्रॅम असतं, रोज १० ग्रॅम तरी वाढायला हवं. घटलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.