काचमण्यांचे रंग ज्योतीसमोर कसे वागतात: लॅम्पवर्क शिकू लागलेल्यांसाठी

टॉर्चच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून ती लेप लावलेल्या पोलादी सळईवर गुंडाळत मणी घडवणे, म्हणजेच लॅम्पवर्क, शिकू लागलेली बहुतेक मंडळी आधी भरपूर रंगांच्या कांड्या विकत घेतात आणि ज्योतीकडे नंतर लक्ष देतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कांडीवर दिसतो तोच रंग मण्यात उतरेल याची खात्री नसते. ज्योतीत ऑक्सिजन किती आहे, काच किती वेळ आणि किती तापली, तिच्या शेजारी दुसरी कोणती काच आहे आणि थराची जाडी किती आहे, यावर शेवटचा रंग ठरतो. म्हणून सुरुवातीला सात-आठ रंगच घ्यावेत आणि या चार गोष्टींपैकी एका वेळी एकच बदलून पाहावी. या पद्धतीने जे कळते, ते साठ रंगांची पेटी घेऊनही कळत नाही.

रंगांकडे वळण्याआधी काचेचा प्रकार पक्का करणे आवश्यक आहे. तापल्यावर काच किती प्रसरण पावते, हे दाखवणारा प्रसरणांक प्रत्येक काचेला असतो. इटलीतील मुरानोच्या एफेत्रे कांड्यांचा, ज्यांना जुने कारागीर अजूनही मोरेत्ती म्हणतात, हा अंक १०४ आहे. अमेरिकेतील बुल्सआय कंपनीच्या काचेचा ९० आणि बोरोसिलिकेटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांसाठी वापरतात त्या उष्णता सोसणाऱ्या काचेचा, सुमारे ३३. वेगवेगळ्या अंकांच्या काचा एका मण्यात आल्या, तर थंड होताना त्या सारख्या आकुंचन पावत नाहीत आणि मणी लगेच किंवा काही आठवड्यांनी तडकतो. आपल्याकडे फिरोजाबादची काच स्वस्तात मिळते व तिच्यावर हात बसवायला काहीच हरकत नाही. परंतु ती मुरानोच्या काचेशी जुळेलच असे गृहीत धरू नये.

जुळते की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही कांड्यांची टोके शेजारी-शेजारी वितळवून एकमेकांना चिकटवावीत, त्यांचा गोळा न पिळता चांगला तापवावा आणि ज्योतीबाहेर आणून सावकाश ओढत वीतभर लांबीची बारीक तार काढावी. तारेच्या एका अंगाला एक काच आणि दुसऱ्या अंगाला दुसरी, अशी मांडणी टिकली पाहिजे. थंड झाल्यावर तार सरळ राहिली, तर काचा जुळण्यासारख्या आहेत. धनुष्यासारखी वाकली, तर नाहीत. वाकलेल्या तारेत जी काच आतल्या बाजूला असते, ती जास्त आकुंचन पावलेली असते. ज्या कांडीवरची चिठ्ठी हरवली आहे तिच्यासाठी ही परीक्षा न चुकता करावी.

आता ज्योत. गॅस आणि ऑक्सिजन वेगवेगळे सोडणाऱ्या टॉर्चवर ऑक्सिजन कमी असेल, तर ज्योत लांब, मऊ आणि टोकाला पिवळसर दिसते. ऑक्सिजन वाढवला की टॉर्चच्या तोंडाशी असलेले निळे शंकू आखूड व टोकदार होतात आणि फुत्काराचा आवाज येतो. ज्योत कशी आहे हे सांगणारी सर्वांत प्रामाणिक काच म्हणजे अपारदर्शक फिरोजी. तिचा रंग तांब्यापासून आलेला असतो. ऑक्सिजन पुरेसा असेल तोवर ती निळी राहते. तो कमी पडला की पृष्ठभागावर विटकरी लाल किंवा करडी धातूसारखी साय धरते. एकाच सळईवर तीन लहान फिरोजी मणी करावेत: एक ऑक्सिजन भरपूर असलेल्या ज्योतीत, एक मध्यम ज्योतीत आणि एक कमी ऑक्सिजनच्या ज्योतीत. तिन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुढच्या अनेक शंकांची उत्तरे तिथेच मिळतात. पांढऱ्या किंवा पारदर्शक काचेवर करडा धूर बसत असेल, तर त्याचेही कारण बहुधा हेच असते. मणी टॉर्चच्या तोंडापासून थोडा दूर धरावा आणि ऑक्सिजन वाढवावा.

तांब्याचा हा लालपणा नेहमी दोषच असतो असे मात्र नाही. पुदुचेरीजवळच्या अरिकमेडू येथे सापडलेल्या प्राचीन ओढीव मण्यांमधले विटकरी लाल मणी जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहेत, आणि तो लाल रंग तांब्याचाच आहे. भट्टीतला ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवून त्या कारागिरांनी तो साधला होता. आपल्या टॉर्चवर फिरोजी मणी लाल पडतो तेव्हा त्याच रसायनाचे एक टोक आपल्या हाती आलेले असते, हे लक्षात ठेवले तर त्या मण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

दुसरी अभ्यासण्याजोगी काच म्हणजे हस्तिदंती. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ हिच्यावर घालवावा, कारण हिच्यातले गंधक तांब्याशी आणि चांदीशी उघडपणे अभिक्रिया करते. हस्तिदंती मण्यावर फिरोजी ठिपका ठेवून तो पूर्ण सपाट होईपर्यंत तापवा. थंड झालेला मणी भिंगाखाली धरला, तर दोन रंगांच्या सीमेवर गडद तपकिरी, जवळजवळ काळी अशी केसाएवढी रेघ दिसते. ती रेघ कोणी काढलेली नसते. दोन काचांच्या भेटीतून ती तयार होते. जास्त वेळ तापवले तर ती रुंद व धूसर होते, लवकर थांबले तर नाजूक राहते. याच हस्तिदंती काचेवर चांदीच्या वर्खाचा तुकडा गुंडाळून ज्योतीत जाळला, की पृष्ठभागावर तपकिरी, करडी, कुठे सोनेरी अशी जाळी पसरते आणि मणी जुन्या दगडासारखा दिसू लागतो. वर्ख मात्र शुद्ध चांदीचाच हवा, ॲल्युमिनियमचा चालत नाही.

याच गुणामुळे एक गैरसमजही दूर होतो. पाण्याच्या रंगांत पिवळा आणि निळा मिसळून हिरवा होतो, म्हणून काचेतही होईल अशी अपेक्षा अनेकांची असते. पिवळ्या अपारदर्शक काचेचा रंग बहुधा कॅडमियम आणि गंधकाच्या संयुगातून आलेला असतो. तिच्यात तांब्याची फिरोजी काच पिळून मिसळली, तर हिरव्याऐवजी मळकट तपकिरी रंग हाती येतो. हिरवा हवा असेल तर हिरवीच कांडी घ्यावी.

लाल, केशरी आणि पिवळ्या काचांबाबत आणखी एक सवय डोळ्यांना लावावी लागते. तापलेली अपारदर्शक लाल काच काळपट दिसते, पिवळी केशरी दिसते आणि थंड होत जाताना रंग जागेवर येतो. म्हणून तापलेल्या अवस्थेत रंगाचा निर्णय घेऊ नये. काही पारदर्शक लाल व केशरी काचा जास्त तापल्यावर फिकट होतात. त्यांची लाली बाहेर काढण्यासाठी मणी घडून झाल्यावर त्याची झळाळी जाईपर्यंत ज्योतीबाहेर थांबावे आणि मग ज्योतीच्या दूरच्या टोकात हलकेच पुन्हा तापवावे. चांदी असलेल्या खास काचांचे रंगही याच पद्धतीने उमलतात, फक्त त्या जास्त हट्टी असतात आणि महागही. त्यांच्याकडे पहिल्या वर्षात वळू नये.

जाडीचा परिणाम प्रत्यक्ष मागणीच्या वेळी कळतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेकींना पैठणीशी जुळणारे मणी हवे असतात, आणि मोरपंखी व राणी हे दोन रंग हमखास सांगितले जातात. मोरपंखीसाठी गडद निळ्या किंवा हिरवट पारदर्शक काचेचा जाड मणी केला, तर तो हातात जवळजवळ काळा दिसतो. त्याऐवजी आत पांढऱ्या काचेचा गाभा ठेवून वर पारदर्शक रंगाचा पातळ थर दिला, की रंग उजळून येतो. राणी रंग अधिक कठीण आहे. चांगला पारदर्शक गुलाबी सोन्यापासून तयार होतो, म्हणून ती कांडी महाग असते, आणि ऑक्सिजन कमी पडला किंवा उष्णता जास्त झाली तर तो तपकिरी पडतो. पांढऱ्या गाभ्यावर तिचा पातळ थर, वर स्वच्छ पारदर्शक काचेचे आवरण आणि ज्योतीच्या थोड्या थंड भागात काम, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. काळ्याबाबतही सावध राहावे: मुरानोची नेहमीची काळी कांडी खरे तर अतिशय गडद जांभळी असते, आणि तिची बारीक तार ओढून नक्षी केली की जांभळेपण उघड होते. मंगळसूत्राच्या पोतीत शोभेल असा गडद काळा मणी हवा असेल, तर तिचा थर पातळ ठेवून चालणार नाही.

नोंदी ठेवण्याबद्दल थोडक्यात. वहीपेक्षा मणीच जपावेत. प्रत्येक प्रयोगाचा मणी दोऱ्यात ओवून त्याला कागदी चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर कांडीचा क्रमांक, खरेदीची तारीख, ज्योतीचा प्रकार व थरांचा क्रम लिहावा. एकाच क्रमांकाच्या कांड्या वेगवेगळ्या घाण्यांत थोड्या वेगळ्या निघतात, त्यामुळे नवी जुडी आली की पहिला मणी चाचणीचाच असावा. छायाचित्रांवर विसंबू नये, कारण दिव्याच्या प्रकाशात निळे आणि गुलाबी रंग बदललेले दिसतात. तुलना दिवसाच्या उजेडात करावी.

काही गोष्टींत तडजोड नाही. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योतीत पिवळा झगमगाट उठतो आणि त्यात रंग दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा तो झगमगाट गाळतो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून हवा. कॅडमियमच्या काचा, चांदीचा वर्ख आणि गॅस यांमुळे दूषित झालेली हवा बाहेर खेचणारा पंखा हवा. नुसती उघडी खिडकी पुरत नाही. सिलिंडर व्यावसायिक जोडणीचा घ्यावा व नळ्यांवर ज्योत मागे शिरू न देणारी झडप बसवावी. मण्याच्या भोकातला लेप पाण्यात भिजवूनच काढावा, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. आणि मणी उष्णतारोधक तंतूंच्या ब्लँकेटमध्ये किंवा व्हर्मिक्युलाइट या फुलवलेल्या खनिजाच्या दाण्यांत ठेवल्याने तो फक्त सावकाश थंड होतो. त्याच्यातला ताण जाण्यासाठी १०४ अंकाची काच भट्टीत साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला ठेवून मग हळूहळू उतरवावी लागते. रंग कितीही सुंदर साधला तरी असा मणी भट्टीतून न काढता विकू नये.

ज्यांना यातून उपजीविका करायची आहे, त्यांनी बाजार नीट पाहावा. उत्तर प्रदेशातील वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन आहे, हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर येथे घराघरांत मणी होतात, आणि तिथल्या कारागिरांच्या वेगाशी व दराशी आपण एकट्याने स्पर्धा करू शकत नाही. तसा प्रयत्न करणे त्यांच्या कौशल्यालाही न्याय देणारे नाही. एकट्याच्या टॉर्चवर काम करणाऱ्याचे बळ रंगाच्या अचूकतेत असते. कानातल्यांच्या जोडीतले दोन मणी एकसारखे उतरवणे, सहा महिन्यांनी हरवलेल्या एका मण्याची हुबेहूब जोड करून देणे आणि साडीच्या काठाचा तुकडा समोर ठेवून त्याच्याशी जुळणारा थर शोधणे, यासाठी गिऱ्हाईक वेगळी किंमत आनंदाने देते. त्या किमतीत चाचणीच्या मण्यांची काच, गॅस आणि भट्टीची वीज धरावी, आणि मागणी स्वीकारताना नमुन्यासाठी निदान एक आठवडा मागून घ्यावा.