रॅम वाढवल्यावर संगणक बंद पडतोय? या चुका टाळा

संगणक वेगाने चालावा म्हणून रॅमची नवी स्टिक बसवली जाते, संगणक सुरूही होतो, आणि मग तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी अचानक निळा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळा) पडदा येतो, नाहीतर काहीच न सांगता यंत्र रीस्टार्ट होते. अशा वेळी बहुतेक जण नवी स्टिक खराब निघाली किंवा विंडोज बिघडले असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, पण त्यांची खात्री करून घेण्याआधी जी घाई होते ती मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान करते. डिस्कवर लिहिली जाणारी जवळपास प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते, आणि तिथे एक बिट जरी उलटला तरी चुकीची माहिती बिनबोभाट डिस्कवर उतरते. म्हणून बिघाड दिसू लागल्यानंतर होणाऱ्या चुकीपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

अस्थिर रॅमवर दुरुस्तीची कामे करू नका

क्रॅश सुरू झाले की सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे विंडोज नव्याने टाकणे. परंतु इन्स्टॉलर हजारो फाइली रॅममध्ये उलगडून डिस्कवर उतरवतो, आणि रॅमच बेभरवशाची असेल तर त्यांतल्या काही फाइली सदोष लिहिल्या जातात. मग पुढे स्टिक बदलूनही क्रॅश थांबत नाहीत, आणि दोष नेमका कुठे आहे याचा माग लागेनासा होतो. बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, अपडेट करणे तर याहून धोक्याचे आहे. बायोसची फाइल चिपवर लिहिली जात असताना यंत्र हँग झाले, तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. नव्या रॅमसाठी बायोस अपडेट करणे गरजेचे असेल, तर ते जुन्या, खात्रीच्या रॅमवर आणि शक्यतो नवी स्टिक बसवण्याआधीच करावे. प्रोसेसर आणि रॅमशिवाय थेट पेनड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचे वेगळे बटण काही मदरबोर्डांवर असते. ती सोय असेल तर हा धोका राहत नाही.

बॅकअपच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. संगणक डळमळीत आहे म्हणून घाईघाईने त्याच अवस्थेत बॅकअप घेऊन आधीची चांगली प्रत पुसून टाकली, तर बिघडलेल्या फाइलींची प्रत तेवढी हाती राहते. नवी स्टिक काढावी, जुन्या रॅमवर संगणक सुरू करावा आणि मगच बॅकअप घ्यावा. त्यातही जुनी प्रत तशीच ठेवून नवी वेगळी ठेवणे चांगले.

पूर्वस्थितीत परत जाणे ही पहिली चाचणीही आहे. जुनी रॅम तिच्या मूळ स्लॉटमध्ये बसवून एक-दोन दिवस नेहमीचे काम करून पाहावे. क्रॅश थांबले तर शोध रॅम आणि तिच्या सेटिंगपुरता मर्यादित होतो. थांबले नाहीत, तर कॅबिनेट उघडताना दुसरेच काही हलले असण्याची शक्यता असते. स्टिक दाबताना मदरबोर्ड किंचित वाकतो, हात २४ पिनच्या पॉवर कनेक्टरला किंवा डिस्कच्या केबलला लागतो, ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून थोडे वर उचलले जाते. हे सारे एकदा काढून पुन्हा घट्ट बसवायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरीही ही तपासणी बहुधा राहून जाते.

स्टिक नीट बसली आहे का?

बायोसमध्ये रॅमचा आकडा बरोबर दिसला म्हणजे स्टिक नीट बसली, हा समज चुकीचा आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांच्या डेस्कटॉप स्टिकना २८८ संपर्कबिंदू असतात, आणि त्यांपैकी दोन-चारांचा स्पर्श अर्धवट असला तरी संगणक सुरू होऊ शकतो. तो बंद पडतो नंतर, भार आणि उष्णता वाढल्यावर. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाब द्यावा लागतो. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे त्या बाजूने 'टक्' असा आवाज आला की काम झाले असे वाटते, आणि दुसरे टोक केसभर वर राहून जाते. स्टिकची वरची कड स्लॉटला समांतर आहे की नाही, हे बाजूने डोळा लावून पाहावे. लॅपटॉपची स्टिक तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची असते. सोनेरी संपर्कपट्टीचा बराच भाग बाहेर दिसत असेल, तर ती पुरती आत गेलेली नाही.

संपर्क साफ करण्यासाठी तोंडाने फुंकर मारू नये, कारण त्याने ओलसरपणा आत जातो. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याचे कण स्लॉटमध्ये अडकतात आणि सोन्याचा पातळ थरही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, धागे न सुटणारे कापड पुरेसे असते.

वीज बंद करण्यातही चूक होते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर नेहमीच्या 'शट डाउन'ने प्रणाली पूर्ण बंद होत नाही. तिचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच परत उचलला जातो. रॅम बदलण्याआधी शिफ्ट बटण दाबून ठेवून शट डाउन करावे, एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करून केबल काढावी आणि उरलेली वीज उतरावी म्हणून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. लॅपटॉपमध्ये आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवावा.

चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोनच स्टिक लावायच्या असतील, तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. तरी आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत काय दिले आहे तेच प्रमाण मानावे.

जुनी आणि नवी स्टिक एकत्र चालतीलच असे नाही

माझ्या मते सर्वाधिक क्रॅश इथून येतात, आणि इथेच चांगल्या स्टिकवर 'खराब' असा शिक्का बसतो. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने ती गल्लत सहसा होत नाही. खरी गल्लत होते ती एकाच पिढीतल्या वेगवेगळ्या स्टिकची.

एक उदाहरण घेऊ. संगणकात ३२०० वेगाच्या आणि सीएल१६ टायमिंगच्या (म्हणजे माहिती द्यायला १६ घड्याळ-ठोके घेणाऱ्या) ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आहेत, आणि त्यांच्या जोडीला ३६०० वेगाच्या, सीएल१८ टायमिंगच्या ८ जीबीच्या दोन नव्या स्टिक आणल्या. प्रत्येक स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये प्रमाणित वेगांची सारणी असते, आणि शिवाय उत्पादकाने दिलेले जलद प्रोफाइलही असते. इंटेलने आणलेल्या अशा प्रोफाइलला एक्सएमपी म्हणतात, तर डीडीआर५ च्या काळात एएमडीने एक्स्पो आणले. सारे 'ऑटो'वर असेल तर मदरबोर्ड चौघींना झेपणारा प्रमाणित वेग निवडतो, आणि संगणक सहसा शांतपणे चालतो. पण एक्सएमपी चालू असेल, तर एखाद्या स्टिकचे प्रोफाइल उचलून ते चौघींवर लादले जाऊ शकते. ३२०० साठी तपासलेली स्टिक ३६०० वर चालवली गेली, तर ती तासभर टिकून मग कोलमडू शकते. त्यात भर म्हणजे एक्सएमपी कधीकाळी चालू केलेले असते आणि मालकाच्या ते ध्यानातही नसते.

म्हणून नवी स्टिक बसवण्याआधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करावे. संगणक 'ऑटो'वर स्थिर असेल आणि प्रोफाइल लावताच बंद पडत असेल, तर स्टिक बहुधा निर्दोष आहे आणि वेग जास्त होतो आहे. जलद प्रोफाइल हे तत्त्वतः ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच, आहे. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ असते, आणि प्रोफाइल लावल्यावर ते बहुधा १.३५ होते. उत्पादकाने ती जोडी त्या वेगावर तपासलेली असते, पण आपल्या प्रोसेसरमधल्या, रॅम हाताळणाऱ्या मेमरी कंट्रोलरसोबत आणि आपल्या जुन्या स्टिकसोबत तपासलेली नसते. उपाय म्हणून व्होल्टेज वाढवत नेण्याऐवजी वेग एक पायरी खाली आणावा. ३६०० ऐवजी ३२०० किंवा २९३३ वर चालवल्याने रोजच्या कामात जो फरक पडतो, तो स्थिरतेच्या तुलनेत नगण्य आहे.

चार स्टिक असतील तर ही मर्यादा आणखी कडक होते. रायझन ७००० मालिकेत दोन डीडीआर५ स्टिकसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग ५२०० आहे, तर चार स्टिकसाठी तो ३६०० वर येतो. म्हणजे चारही स्टिक उत्तम असूनही ६००० वर संगणक क्रॅश होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे जास्त क्षमता हवी असेल, तर जुन्या दोनांत नव्या दोनांची भर घालण्यापेक्षा मोठ्या क्षमतेच्या दोन स्टिकचा एकच संच घेणे श्रेयस्कर.

डीडीआर५ बाबत आणखी एक सूचना. नवी रॅम बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिचे ट्रेनिंग करतो, म्हणजे सिग्नलच्या वेळा जुळवून घेतो. त्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र अडकले असे समजून वीज तोडली, तर ते सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

चाचणी कशी करू नये

विंडोजमधले मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून 'दोष नाही' असा निकाल आला की रॅम निर्दोष ठरवली जाते. ती चाचणी सोयीची आहे, पण किरकोळ दोष तिच्या नजरेतून निसटतात. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवून किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. ३२ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असेल तर ही चाचणी रात्रभर लावून ठेवणे बरे. निकालात एकही त्रुटी चालत नाही. 'हजारो तपासण्यांत दोनच चुका' असे समाधान करून घेऊ नये, कारण त्याच दोन चुका उद्या एखाद्या महत्त्वाच्या फाइलीत उतरतील.

त्रुटी आली की चाचणी एकेका स्टिकवर, त्याच एका स्लॉटमध्ये आणि प्रोफाइल बंद ठेवून करावी. एकच स्टिक दर वेळी नापास होत असेल, तर ती खराब आहे. सगळ्या एकेकट्या पास होतात पण एकत्र नापास होतात, असे असेल तर दोष जोडणीचा किंवा वेगाचा आहे. आणि चांगली ठरलेली स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्येच नापास होत असेल, तर स्लॉटकडे आणि प्रोसेसरच्या सॉकेटकडे पाहावे. सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असणे किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळलेला असणे, यानेही रॅमची एक वाहिनी (चॅनेल) बिघडू शकते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर लिहून ठेवावे.

निळ्या पडद्यावरचा संदेशही उपयोगी असतो, पण एकाच संदेशावरून निकाल देऊ नये. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', तर कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असे दर वेळी वेगळे संदेश येत असतील, तर संशय रॅमवर बळावतो. दर वेळी तोच संदेश आणि त्याच ड्रायव्हर फाइलीचे नाव दिसत असेल, तर आधी तो ड्रायव्हर तपासावा. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतली) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून एसएमपीएस बदलणारेही असतात. ती नोंद इतकेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता बंद पडला. का, ते ती सांगत नाही.

काही जण संगणकाला पूर्ण रॅम वापरायला लावण्यासाठी विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग' या सेटिंग साधनामध्ये 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण करतात. तो पर्याय रॅमवर मर्यादा घालण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नव्हे. खूण असेल तर ती काढून टाकावी.

रॅम चाचणीत निर्विवाद पास झाली की मगच विंडोजच्या फाइली दुरुस्त करण्याकडे वळावे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून आधी डिस्मची (DISM) रिस्टोअर हेल्थ ही आज्ञा, नंतर एसएफसी (SFC) स्कॅननाऊ आणि शेवटी डिस्क तपासणारी चेकडिस्क, या क्रमाने जावे. क्रॅशच्या काळात तयार केलेल्या किंवा बदललेल्या महत्त्वाच्या फाइली स्वतः उघडून पाहाव्यात, कारण फाइलीतली माहिती बिघडली असेल तर या आज्ञांना ते कळत नाही. स्टिक खराब ठरली आणि ती संचातली असेल, तर वॉरंटीत पूर्ण संच परत करावा, आणि देण्याआधी मेमटेस्टच्या त्रुटींच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.