पहिले फिन कडक घेऊ नका

फ्रीडायव्हिंगचे (सिलिंडरशिवाय, एका श्वासावर खोल पाण्यात जाण्याचे) माझे पहिले लांब फिन, म्हणजे पायात घालायची पाती, कार्बनचे होते आणि चांगलेच कडक. बालीला अमेडमध्ये कोर्स करायचा म्हणून महिनाभर आधी सेकंडहँड घेतले. विकणारा म्हणाला, "हार्डच घे, दोन लाथांत खाली पोचशील." माझं वजन 61 किलो, पोहायला शिकलो गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. ते पातं वाकवायला लागणारी मांडी माझ्याकडे नव्हती.

अमेडच्याच जेमेलुक खाडीत कोर्सच्या दुसऱ्याच दिवशी 12 मीटरवरून वर येताना डाव्या पोटरीत गोळा आला. बडी (पाण्यातला जोडीदार) शेजारीच होता, म्हणून दोरी धरून निवांत वर आलो. संध्याकाळी प्रशिक्षकाने व्हिडिओ दाखवला. पातं फूटपट्टीसारखं सरळ, वाकत होते ते माझे गुडघे! सायकल मारतोय असं दिसत होतं. पातं पायाला जड झालं की शरीर पळवाट काढतं: गुडघा पोटाकडे ओढतं आणि पातं पाणी न ढकलता नुसतं सरकतं. दम लागतो, अंतर कापलं जात नाही.

जोर नेमका कुठे लागतो ते आधी समजून घ्या. वरच्या पाण्यात भरलेली फुफ्फुसं आणि वेटसूट (निओप्रीनचा रबरी पोशाख) तुम्हाला वर ढकलतात, म्हणून उतरताना सुरुवातीच्या लाथा जड. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, फुफ्फुसातली हवा दबून निम्म्या जागेत मावते. आणखी खाली गेलं की शरीर आपोआप बुडायला लागतं, मग लाथा थांबवायच्या. परतताना हाच हिशेब उलटा: तळाजवळ सगळ्यात जास्त मेहनत, तीही श्वास बराच वेळ रोखल्यावर. दुकानात फिन हाताने वाकवून बघताना यातलं काहीच कळत नाही.

नवख्याने सॉफ्ट घ्यावेत, वजन आणि पाय दणकट असतील तर मीडियम. मात्र एका कंपनीचं सॉफ्ट दुसऱ्या कंपनीच्या मीडियमइतकं कडक असू शकतं, त्यामुळे छापील शब्दावर जाऊ नका, घालून बघा. कार्बन म्हणजे कडक असंही नाही, मऊ कार्बन मिळतं. तरी पहिली जोडी प्लास्टिक किंवा फायबरग्लासची बरी. जवळच तुलांबेनला 'लिबर्टी' हे बुडालेलं जहाज आहे, 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात किनाऱ्यावरून पाण्यात ढकललं गेलेलं. तिथे दगडगोट्यांवरून पाण्यात शिरताना माझ्या कार्बनच्या पात्याची कड उडाली. आणि फूट पॉकेट (फिनचा पाय घालायचा भाग) सैल असेल तर महागातलं पातंही फुकट. पातळ निओप्रीन मोजे घालूनच माप बघा.

चाचणी सोपी आहे. पूलमध्ये बडीला बाजूने बघायला सांगा: पातं दोन्ही दिशांना सारखं वाकतंय का? बहुतेकांची पुढची लाथ ठीक असते, मागची मेलेली. माझीही तशीच होती. त्यावर घरचा व्यायाम: पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय खुब्यातून मागेपुढे हलवायचा, हात नितंबावर. पाय मागे जाताना तिथला स्नायू घट्ट झाला नाही, तर पाण्यातही तो काम करत नाही.

सॉफ्ट फिन मिळाल्यावर मी जुन्याच सवयीने मोठमोठ्या लाथा मारायला लागलो, तेही चुकलंच. मऊ पात्याला छोटी, जरा जलद लाथ लागते. पाय खुब्यातून, गुडघा सैल पण दुमडलेला नाही, पायाची बोटं ताणलेली, हनुवटी आत. हनुवटी वर केली की कंबर वाकते आणि लाथा एकाच बाजूला जातात. हे अंगात मुरायला मला तीन आठवडे लागले. त्या काळात मी खोली वाढवली नाही, 10 मीटरपर्यंत किती लाथा लागतात तेवढंच मोजत होतो. सगळं अर्थातच बडीसोबत. पूलमध्येही एकट्याने श्वास रोखायचा नाही. वर आल्यावरही बडीची नजर किमान अर्धा मिनिट तुमच्यावर हवी, कारण शुद्ध हरपते ती बहुतेकदा पृष्ठभागाजवळच.

ते कडक फिन नंतर एका मित्राने नेले. तो 88 किलोचा, सायकलस्वार. त्याच्या पायात ते छान वाकतात.