फायटर मासा एकत्र टँकमध्ये सोडताना

फायटरला सोबतीची गरज नसते. थायलंडच्या भातखाचरांत आणि गवताळ, उथळ पाण्यात हा मासा आपापला तुकडा राखून राहतो. त्यामुळे ‘एकटा कंटाळत असेल बिचारा’ म्हणून त्याला सोबती आणायच्या फंदात पडू नका. शांत माशांचा टँक आधीच लागलेला आहे आणि त्यात एक फायटर हवा आहे, असं असेल तर जमू शकतं. एकच नर, हे मात्र पक्कं. नरासोबत मादीही नको. एकत्र ठेवली तर ती मार खात राहते.

टँक किमान दोन फुटी हवा. 24 × 12 × 15 इंचांच्या टँकमध्ये वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून 55 ते 60 लिटर पाणी मावतं. वर साधारण दोन इंच जागा सोडायचीच, कारण फायटर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेतो. झाकणही लागतंच. तो उडी मारतो, आणि झाकणामुळे पाण्यावरची हवा उबदार, दमट राहते. तापमान 25 ते 27 अंश ठेवा. मुंबईत बरेचदा हीटरशिवाय निभावतं, पण पुणे-नाशिकच्या थंडीत 50 वॅटचा हीटर लावावा लागतो.

सोबती कोण, यावर निम्मी लढाई ठरते. तळाशी सहा कोरीडोरास किंवा कुली लोच, मधल्या थरात आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा. यातला एकेकच गट घ्या, सगळे एकदम नकोत. गोगलगाय चालते. चेरी श्रिंप सोडाल तर त्यांना खाद्य समजा. गप्पी स्वस्त आणि देखणी असते, पण नर गप्पीची झुपकेदार रंगीत शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरसारखी दिसते आणि तो तुटून पडतो. टायगर बार्ब आणि विडो टेट्रा उलट त्याचीच शेपटी कुरतडतात. दुकानात रंगीबेरंगी करून विकतात त्या बहुतेक विडो टेट्राच, तेव्हा रंगाला भुलू नका. गुरामी त्याच्याच गोतातली, म्हणून भांडण ठरलेलं. गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि घाणही ती फार करते.

फायटर निवडतानाही डोकं लावा. हाफमूनची, म्हणजे अर्धचंद्रासारख्या पसरट शेपटीच्या फायटरची, शेपटी जड असते. तो हळू पोहतो, म्हणून छळला जाण्याची शक्यता जास्त. आखूड पराचा प्लकाट चपळ असतो आणि तोच इतरांच्या मागे लागू शकतो. दुकानदाराला फायटरच्या बरण्यांमधला आडोशाचा पुठ्ठा काढायला सांगा. शेजाऱ्याला पाहून कल्ले फुगवणं स्वाभाविक आहे. दोन-तीन मिनिटांनीही जो काचेवर धडका देतच राहतो, तो एकटा ठेवायचा मासा.

टँकची सायकल पूर्ण झालेली हवी, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढलेले हवेत. नव्या टँकला त्यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासा आणूच नका. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला. फिल्टर स्पंजचा बरा. पॉवर फिल्टर असेल तर त्याचं तोंड काचेकडे वळवा, नाहीतर लांब पराचा मासा दिवसभर प्रवाहाशी झगडून थकतो. पृष्ठभागाजवळ रुंद पानांचं अनुबियास किंवा जावा फर्न बांधा, तो त्यावर टेकतो. प्लास्टिकची झाडं जुन्या नायलॉन मोज्यावर घासून पाहा. मोजा अडकला तर परही फाटणार.

एक फुकटची गोष्ट आपल्याकडे जवळपास प्रत्येक सोसायटीच्या आवारात पडलेली असते: बदामाचं पान, म्हणजे मोठ्या पानांच्या त्या देशी बदामाचं. झाडावरून आपोआप गळलेलं, पूर्ण वाळून तपकिरी झालेलं पान घ्या. औषध फवारलेल्या किंवा रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडाचं नको. धुऊन, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, 40 लिटरला एक पान टाका. पाणी चहासारखं दिसू लागतं, ते बिघडलेलं नसतं.

दुकानातून आणलेला मासा थेट टँकमध्ये घालू नका. दहा-पंधरा लिटरच्या वेगळ्या टबात दोन ते तीन आठवडे ठेवा, म्हणजे पांढरे ठिपके, बुरशी, जे काय असेल ते तिथेच कळेल. पाण्याची सवय करायची तीही इथेच: पिशवी 15 मिनिटं तरंगवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टबातलं पाणी आत घाला. अर्ध्या तासाने मासा जाळीने उचला आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

मुख्य टँकमध्ये फायटर सगळ्यांत शेवटी जातो. आधी आला की तो अख्ख्या टँकला आपली हद्द मानतो. तो आधीच आत असेल तर नवे मासे सोडण्याआधी दगड, लाकूड, झाडं यांच्या जागा बदलून टाका, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. सोडायच्या संध्याकाळी बाकीच्या माशांना आधी खाऊ घाला आणि दिवा बंद करा. फायटरला एक-दोन दिवस टांगत्या जाळीच्या पेटीत ठेवा. इथे एक चूक होते: पेटी पूर्ण बुडवली जाते. तिचं तोंड पाण्यावर हवं, नाहीतर मासा श्वासावाचून गुदमरतो. मग अंधारातच त्याला बाहेर सोडा.

पहिले तीन दिवस लक्ष ठेवा. अधूनमधून कल्ले फुगवणं, थोडा पाठलाग करून सोडून देणं चालतं. एकाच माशाच्या मागे सतत लागणं, पर मिटून कोपऱ्यात बसणं, काचेला लागून येरझाऱ्या घालणं, दोन दिवस खाणं टाळणं, यातलं काही दिसलं की त्याला बाहेर काढा, ‘जमेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. पराला सरळ चीर असेल तर ती कुणीतरी कुरतडल्याची किंवा कशाला तरी अडकल्याची. काळपट किंवा लालसर कड झिजत चालली असेल तर पर कुजतोय. कुजण्यावर मिठाचा उपाय करायचा तो टबात, लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ घालून. मुख्य टँकमध्ये नको, कारण कोरीडोरास आणि लोचला मीठ सोसत नाही.

जेवणाचं गणित वेगळं ठेवा. फायटरला एका कोपऱ्यात दोन-तीन दाणे, दिवसातून दोनदा. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला बाकीच्यांचं खाणं, आणि तळच्यांसाठी दिवा मालवल्यावर बुडणारी गोळी. नाहीतर फायटर सगळ्यांचं खातो आणि फुगतो. पोट टम्म दिसलं तर एक दिवस उपास.

टब धुऊन माळ्यावर टाकू नका. त्याचा छोटा स्पंज फिल्टर मुख्य टँकच्या कोपऱ्यात चालू ठेवा. फायटरला कधी बाहेर काढायची वेळ आली, अगदी सहा महिन्यांनीही, तर सायकल झालेला फिल्टर पाच मिनिटांत टबात लागतो.