उन्हाळ्यात गळ कुठे टाकावा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा भर दुपारी काठी घेऊन बसणं म्हणजे स्वतःलाच गळाला लावून घेणं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. दम पुरत नाही तिथे मासा खात नाही. म्हणून आमिषाआधी जागा शोधा.

तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा असो की गिरणा नदीतला एखादा डोह, बहुतेक जण सगळ्यात खोल जागा धरतात आणि तिथेच चुकतात. साचलेल्या खोल पाण्यात वरचा थर तापून वरच राहतो, खालचं पाणी हलत नाही आणि गाळ कुजत तिथला प्राणवायू खातो. दोरीला शिसं बांधून तळाला टेकवा, मग वर ओढून पाहा. काळा गाळ चिकटून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तळाला गळ सोडण्यात अर्थ नाही. दोरीला लावलेल्या तरंगत्या बुचाखाली चार-पाच फुटांवरच गळ ठेवा. दुपारभर पश्चिमेचा वारा असेल तर लाटा आपटणारा पूर्वेचा काठ धरा. पाणी घुसळलं जातं, खाद्यही तिकडेच गोळा होतं.

वेळ पहाटे उजाडल्यापासून आठपर्यंत, नाहीतर सूर्य कलल्यावर. पण पाणी शेवाळाने हिरवंगार असेल तर पहाट सोडा. रात्रभर शेवाळही प्राणवायू ओढतं, सकाळी मासे वर येऊन आ वासतात, आमिषाकडे बघतही नाहीत. तिथे संध्याकाळच बरी.

रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांसाठी दोन वाट्या भाजलेली शेंगदाणा ढेप, एक वाटी कणीक आणि चिमूटभर पिंजलेला कापूस घट्ट मळा. कापसामुळे गोळी गळावरून सुटत नाही, आणि खान्देशात कापसाला तोटा नाही. सहा नंबरच्या गळाला छोट्या बोराएवढी गोळी पुरे. उरलेलं पीठ ओल्या फडक्यात झाका, नाहीतर वरून पापडी धरते आणि गळाचं टोक तिच्यातच अडकतं. मासे जमवायला पाण्यात टाकायचा चारा दोन मुठींपेक्षा जास्त फेकू नका, न खाल्लेला कुजून पाणी आणखी बिघडवतो.

मरळ या माशाचं वेगळं. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे कमी प्राणवायूचं तिला फारसं वाटत नाही. पाणवनस्पतींच्या कडेने रबरी बेडूक सावकाश ओढा. पिल्लांचा तांबूस थवा दिसला तर खाली राखण करणारी मरळ असते. तिला सोडा.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ०.३० मिमी जाडीची चालेल, मरळीला ०.४० घ्या. उन्हाने नायलॉन कमजोर होतं, म्हणून टोकाचे दोन-तीन मीटर दर खेपेला कापून टाका. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढली तर घासून तापते आणि ऐन झटक्याला तुटते.

धरणं-तलावांतली मासेमारी सहसा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी विचारा. धरलेला मासा काठच्या कोमट पाण्यात जाळीत ठेवला तर तासाभरात मरून मऊ पडतो. पोट साफ करून थर्माकोलच्या पेटीत माशाच्या वजनाएवढा बर्फ घाला.