हलके बेटकास्टिंग रीळ निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

बेटकास्टिंग रिळांची (मासेमारीच्या रॉडवर बसणाऱ्या, फेकताना ज्यांची दोरा गुंडाळलेली फिरकी म्हणजे स्पूल स्वतः फिरतो अशा रिळांची) तुलना करायला बसले की पहिली नजर वजनाच्या आकड्यावर जाते. शिमानोचे अल्डेबरान बीएफएस (‘बेट फिनेस सिस्टिम’, म्हणजे बेटकास्टिंगने अगदी हलके आमिष फेकण्याची पद्धत) 130 ग्रॅमचे, दाइवाचे अल्फास एअर 160 ग्रॅमचे, आणि जुन्या घाटाचे गोल ॲम्बॅसॅडर 6500 मात्र 300 ग्रॅमच्या घरात. हे आकडे खोटे नसतात, पण तीन-चार ग्रॅमचा लूर (कृत्रिम आमिष) त्या रिळावरून किती सहज सुटेल, याविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत. गोड्या पाण्यात हलक्या लूरने मासेमारी करणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे गुंता होतो, लूर लांब जात नाही, महागडे रीळ घेऊनही फरक पडला नाही, या गैरसमजातून सुरू होतात.

खोक्यावरचे वजन आणि फिरणारे वजन

स्पिनिंग रिळामध्ये फेकीच्या वेळी स्पूल जागचा हलत नाही, दोरा त्याच्या कडेवरून नुसता सुटत जातो. बेटकास्टिंगमध्ये उडणाऱ्या लूरला स्पूल स्वतः फिरवावा लागतो आणि त्याच्याबरोबर स्पूलवरचा सगळा दोराही फिरवावा लागतो. म्हणून तुलना करायची तर रिळाच्या एकूण वजनाची न करता स्पूलचे वजन, स्पूलचा व्यास आणि त्यावर भरलेल्या दोऱ्याचे वजन, या तिन्हींची मिळून करावी. रिळाचा सांगाडा 30 ग्रॅमने हलका झाला तर दिवसभर फेकताना मनगटाला आराम मिळतो, हे खरेच आहे. पण लूरला त्या सांगाड्याशी काही देणेघेणे नसते.

व्यासाचा परिणाम वरवर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व तिच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वस्तुमान तेवढेच ठेवून 28 मिलिमीटरच्या जागी 34 मिलिमीटरचा स्पूल घेतला, तर तो फिरवायला सुरुवात करणे जवळजवळ दीडपट जड जाते. अल्फास एअर हे सांगाड्याने अल्डेबरानपेक्षा जड असूनही अगदी हलक्या लूरसाठी नावाजले गेले, त्याचे कारण त्याच्या 28 मिलिमीटरच्या छोट्या स्पूलमध्ये आहे. माहितीपत्रकात स्पूलचा व्यास आणि दोरा मावण्याची क्षमता दिलेली असते; विकत घेण्यापूर्वी त्या दोन ओळी वाचाव्यात. बेअरिंगची संख्या नंतर वाचली तरी चालते, कारण ती बेअरिंगे रीळ फिरवायच्या दांडीच्या मुठींतही बसवलेली असू शकतात आणि मुठीतल्या बेअरिंगमुळे लूर एक हातही पुढे जात नाही.

काठोकाठ भरलेला स्पूल

हलका स्पूल घेऊन त्यावर जड दोरा भरणे ही या सगळ्या चुकांमधली सर्वांत महाग चूक आहे, कारण वाढीव पैसे ज्या गुणासाठी मोजलेले असतात तोच गुण तिच्यामुळे नाहीसा होतो. हिशेब सोपा आहे. 0.28 मिलिमीटर जाडीच्या 100 मीटर नायलॉनच्या तंगुसाचे वजन सुमारे 7 ग्रॅम भरते. त्याच जाडीच्या तेवढ्याच फ्लुरोकार्बनचे वजन 11 ग्रॅम होते, कारण नायलॉनची घनता साधारण 1.14, तर फ्लुरोकार्बनची 1.78 असते. हलक्या लूरसाठी घडवलेला चांगला उथळ स्पूल स्वतःच दहा ग्रॅमच्या आतबाहेर असतो. त्यावर 11 ग्रॅमचा दोरा चढवला की फिरणारे वजन दुपटीच्या पुढे जाते. शिवाय दोऱ्याचे वरचे थर स्पूलच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे जडत्व सर्वाधिक वाढवणाऱ्या जागी बसतात.

चार ग्रॅमचा लूर अनुकूल वाऱ्यातही तीस मीटरच्या फारसा पलीकडे जात नाही. मासा ओढेल त्यासाठी थोडी शिल्लक धरली तरी 45 ते 50 मीटर दोरा पुरतो, आणि उथळ स्पूल साधारण तेवढ्याच दोऱ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. खोल स्पूलच्या तळाशी जाड तंगूस भरून तो ‘उथळ’ करण्याची युक्ती अनेकजण वापरतात. तिने स्पूल भरलेला दिसतो, पण तळाचा तंगूसही प्रत्येक फेकीत फिरतोच. खोल स्पूलमध्ये दोरा कमी भरलेला परवडला; त्यात फार तर दांडीच्या एका फेऱ्यात थोडा कमी दोरा आत येईल.

विणलेल्या पीई (पॉलिएथिलिन) दोऱ्याची घनता सुमारे 0.97 असते, म्हणजे तो पाण्यापेक्षाही किंचित हलका, आणि तेवढ्याच ताकदीसाठी तो बराच बारीकही पुरतो. कागदावर तोच सर्वोत्तम ठरतो, पण त्याच्या दोन खोडी आहेत. गुळगुळीत स्पूलवर तो सबंधच्या सबंध घसरतो, आणि ड्रॅग (माशाने किती जोर लावल्यावर दोरा सुटावा हे ठरवणारी यंत्रणा) घट्ट असूनही मासा दोरा ओढत असल्याचा भास होतो. त्यावर उपाय म्हणून स्पूलवर आधी पातळ चिकटपट्टीचा एक वेढा किंवा बारीक नायलॉनचे काही फेरे द्यावेत. दुसरे म्हणजे, फार बारीक पीई ढिला गुंडाळला गेला तर पुढच्या ओढीत स्वतःच्याच थरांत रुतून बसतो आणि नंतरच्या फेकीत मध्येच अडकून लूर तुटून जातो. पीई भरताना तो ओल्या फडक्यातून ताणून भरावा. ज्याला ही खटपट नको त्याने 6 ते 8 पौंडी नायलॉन वापरावे, त्यात कमीपणा काही नाही. दोऱ्याची निवड मात्र पौंडांवर न करता जाडीवर करावी, कारण ‘8 पौंड’ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या दोऱ्यांच्या जाडीत बराच फरक असू शकतो. जपानी मापातील 2 नंबर म्हणजे 0.235 मिलिमीटर, हे लक्षात ठेवले की तुलना सोपी होते.

दोष रॉडचा, ठपका रिळावर

ज्या रॉडवर लूरचे वजन 7 ते 21 ग्रॅम असे लिहिलेले आहे, त्यावर बीएफएस रीळ बसवून चार ग्रॅमचा लूर फेकला तर रॉड वाकतच नाही. मग फेकणारा हाताने झटका देतो, स्पूल एकदम वेग घेतो, लूर त्या वेगाने पुढे जात नाही आणि दोऱ्याचा पुंजका होतो. बीएफएस ही पद्धत जपानमध्ये रुजली तीच हलक्या, लवचिक रॉडच्या जोडीने. त्यातले एकटे रीळ उचलून आणण्यात अर्थ नाही. 2 ते 8 ग्रॅमच्या आसपासचा, शेंड्यापासून मध्यापर्यंत वाकणारा रॉड असेल तर मध्यम किमतीचे रीळही चोख काम देते.

दोन रिळांची तुलना करताना रॉड, दोरा आणि लूर तेच ठेवावेत. लूरचे वजन तेवढेच असून भागत नाही, आकारही तोच हवा. पाच ग्रॅमचा चमचा (धातूचा चपटा लूर) वारा कापत जातो आणि पाच ग्रॅमचा फुगीर क्रँकबेट त्याच वाऱ्यात गिरक्या घेत राहतो. मुळशी किंवा पवना धरणाच्या काठावर दुपारी वारा सुटल्यानंतर केलेल्या चाचणीवरून रिळाविषयी मत बनवण्यापेक्षा सकाळच्या शांत पाण्यावर ती चाचणी पुन्हा करून पाहावी.

दुकानात क्लच (स्पूल मोकळा करणारी कळ) दाबून बोटाने स्पूल फिरवायचा आणि तो किती सेकंद फिरतो हे मोजायचे, ही परीक्षाही फसवी आहे. मोकळा स्पूल किती वेळ फिरतो हे बेअरिंगमधल्या तेलावर आणि त्या क्षणी ब्रेक कुठे ठेवला आहे यावर अवलंबून असते. उलट जड स्पूल एकदा फिरू लागला की जडत्वामुळेच जास्त वेळ फिरतो, त्यामुळे या परीक्षेत नेमके नको ते रीळ पहिले येण्याची शक्यता असते.

ब्रेकचे काम नॉबकडून करून घेणे

दांडीच्या बाजूला असलेला टेन्शन नॉब स्पूलच्या दांड्याच्या टोकावर दाब देतो. हा दाब स्पूल हळू फिरो वा वेगाने, सारखेच घर्षण निर्माण करतो. म्हणजे फेकीच्या आरंभी, जेव्हा हलक्या लूरला मिळेल तेवढी मोकळीक हवी असते, तेव्हाही तो आड येतो. ब्रेक वेगळ्या रीतीने चालतो. चुंबकीय ब्रेकमध्ये ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकाजवळून फिरताना त्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि वेग वाढेल त्या प्रमाणात विरोध वाढतो, तर केंद्रापसारी ब्रेकमधले छोटे ठोकळे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब देतात. दोन्ही प्रकारांत वेग नसताना विरोधही जवळजवळ नसतो. ‘लूर सावकाश खाली यावा इतका नॉब आवळा’ हा जुना सल्ला पंधरा-वीस ग्रॅमच्या लूरसाठी ठीक आहे. हलक्या लूरसाठी नॉब इतका सैल करावा की स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवला तर अगदी केसभर खडखड जाणवेल, आणि तिथेच तो सोडून द्यावा. त्यानंतर ब्रेक वरच्या बाजूच्या आकड्यावर ठेवून फेकायला सुरुवात करावी आणि एकेक आकडा उतरवत जावे.

गुंता होतो म्हणजे नेमका केव्हा होतो, हे पाहिल्याशिवाय काहीही फिरवू नये. लूर सुटतानाच पुंजका झाला तर झटका जास्त बसलेला असतो किंवा रॉड कडक असतो. तिथे ब्रेक वाढवून तात्पुरते भागते, पण खरा उपाय म्हणजे रॉडला मागे पूर्ण वाकू देऊन संथपणे फेकणे. लूर मध्यावर असताना दोरा स्पूलवर फुगू लागला तर समोरचा वारा लूरला थोपवत असतो. तेव्हा ब्रेक एक-दोन आकड्यांनी वाढवावा आणि फेक खालून, पाण्याच्या जवळून करावी. लूर पाण्यावर पडल्यानंतर गुंता झाला तर दोष कशाचाच नसतो, अंगठा उशिरा पडलेला असतो. हा तिसरा प्रकार नवख्यांमध्ये सर्वांत जास्त दिसतो आणि त्याच्यावरचा उपाय बाजारात मिळत नाही.

झालेला गुंता सुईने किंवा गळाच्या टोकाने उकरू नये. त्यात दोऱ्याला चिरा पडतात आणि स्पूलच्या कडेवर ओरखडे उठतात. ड्रॅग पूर्ण आवळावा, अंगठा स्पूलवर घट्ट दाबून धरावा, दांडीचे एक-दोन फेरे फिरवावेत, मग क्लच दाबून दोरा हलकेच ओढावा. बरेचसे पुंजके दोन-तीनदा असे केल्यावर सुटतात. सुटलेल्या नायलॉनवर ठळक मोड पडलेली दिसली तर तेवढा भाग कापून टाकावा.

8:1 म्हणजे नेहमीच वेगवान नव्हे

गिअरचे गुणोत्तर दांडीच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो एवढेच सांगते. 28 मिलिमीटरच्या भरलेल्या स्पूलचा परीघ सुमारे 88 मिलिमीटर असतो, म्हणजे 8:1 गुणोत्तरात एका फेऱ्यात 70 सेंटिमीटर दोरा आत येतो. 34 मिलिमीटरच्या स्पूलला तेवढ्यासाठी 6.6:1 पुरते. छोट्या स्पूलच्या रिळांची गुणोत्तरे मोठी असतात ती यासाठी. म्हणून एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरा येतो, ती ओळ पाहावी. शिमानोच्या नावांत पीजी, एचजी, एक्सजी या चढत्या गतीच्या खुणा असतात, आणि आकड्याच्या शेवटी 1 असेल (101, 151) तर दांडी डाव्या बाजूला असते. घाईत मागवताना हा एक आकडा नजरेतून सुटतो आणि रीळ परत पाठवावे लागते. जपानी बाजारासाठीचे मॉडेल बाहेरून मागवायचे असेल तर सुटे भाग कुठून मिळतील, हे आधीच विचारून ठेवावे.

मरळीसाठी बीएफएस

आपल्याकडे ही चूक विशेष दिसते. उघड्या पाण्यातली चिलापी किंवा लहान मरळ हलक्या रिळावर मजेत खेळवता येते. पण जलपर्णीत दडलेली मोठी मरळ बेडकाच्या लूरवर आली की तिला खेळवायला जागाच नसते. तिला पहिल्या ओढीतच पानांवरून सरकवत आणावे लागते. त्यासाठी 40-50 पौंडी विणलेला दोरा, जाड रॉड आणि भक्कम ड्रॅग लागतो. उथळ स्पूलवर तो दोरा पुरेसा मावत नाही, आणि बीएफएस रिळांचा ड्रॅग बहुधा तीन ते पाच किलोंच्या दरम्यानच असतो. बारीक दोऱ्यावर अशी मरळ तुटून गेली तर ती तोंडात गळ घेऊन जाते. तिथे 200 ग्रॅमचे साधे, मजबूत रीळच योग्य. वजन कमी करण्याचा हव्यास त्या पाण्यात ठेवू नये.

तेल, ग्रीस आणि खाडीचे पाणी

स्पूलच्या बेअरिंगमध्ये पातळ तेलाचा एकच थेंब घालावा. ग्रीस गेले तर हलक्या लूरची फेक लगेच आखडते. ग्रीस गिअरसाठी असते, आणि तेही बेताने. फेक अचानक कमी झाली तर ब्रेक छेडण्याआधी बेअरिंग काढून पाहावे, कारण तळ्याकाठची बारीक धूळ आणि जुने चिकट तेल हेच कारण अनेकदा निघते. चुंबकीय ब्रेकच्या आतल्या बाजूला लोखंडी कण चिकटलेले असतील तर तेही पुसून घ्यावेत.

कोकणातले बरेच जण धरणावर वापरलेले रीळ घेऊन जिताड्यासाठी खाडीवरही उभे राहतात. सर्वांत हलक्या रिळांपैकी काहींचे सांगाडे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात, आणि रंगाचा थर जिथे खरचटला असेल तिथून खारे पाणी त्याला लवकर खाते. असे रीळ खाडीवर न्यावेच लागले तर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या संथ धारेखाली धुवावे, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकलू नये, मग बाजूचे झाकण उघडून स्पूल वेगळा काढावा, सावलीत वाळवावा आणि ठेवून देताना ड्रॅग सैल करावा.