मऊ सफरचंद कुकीज: आधी पाणी आटवा, मग वेळेत बाहेर काढा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, संपली की आमच्याकडे घरोघरी फळांची टोपली भरलेली असते. देवापुढे ठेवलेली फळे, पाहुण्यांनी आणलेली फळे, सगळी एकत्र. केळी आधी संपतात, चिकू-पेरू मुले येता-जाता खातात, आणि सफरचंदे मागे राहतात. चार दिवसांनी त्यांच्या सालीवर सुरकुत्या दिसू लागतात. आमच्या घरी या सफरचंदांच्या कुकीज होतात. कृती थोरल्या काकीची. मडगावला माहेरी असताना शेजारणीकडून ती शिकली आणि लग्न होऊन फोंड्याला आल्यावर तिने त्यात जायफळ घातले, साखर कमी केली, काजू वाढवले. आज घरातल्या सुना, मुली, पुतणे सगळेच त्या करतात, आणि काकीने सांगितलेल्या दोन गोष्टी कोणी मोडत नाही: सफरचंदाचे पाणी आधी आटवायचे आणि कुकी थोडी कच्ची वाटते तेव्हाच बाहेर काढायची.

गोव्यात ही कृती मला विशेष सोयीची वाटते. पावसाळ्यात डबा दोनदा उघडला की कुरकुरीत बिस्किट सादळते. कितीही घट्ट झाकणाचा डबा घ्या. ही कुकी मुळातच मऊ, त्यामुळे सादळण्याचा प्रश्न येत नाही. तिचा त्रास दुसरीकडून येतो. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. कच्चे सफरचंद किसून पिठात घातले की हे पाणी भाजताना सुटते, कुकी ट्रेवर पसरते, मध्ये चिकट राहते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर ओल दिसते. पुष्कळजण मग मैदा वाढवतात आणि कुकी घट्ट, कोरडी होते. मैदा वाढवण्यापेक्षा पाणी काढणे बरे.

साहित्य, साधारण १८ ते २० कुकीजसाठी:

मध्यम आकाराची २ सफरचंदे (सुमारे ३०० ग्रॅम)
मैदा १९० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड कप
कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा
बटर १०० ग्रॅम, आणि सफरचंद परतायला आणखी १ छोटा चमचा
ब्राऊन शुगर किंवा गुळाची पावडर ८० ग्रॅम, साधी साखर ४० ग्रॅम
अंडे १
बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा
दालचिनी पूड १ छोटा चमचा, किसलेले जायफळ २ चिमूट
लिंबाचा रस १ छोटा चमचा
काजूचे तुकडे मूठभर

शक्य असेल तर मैदा, बटर आणि साखर काट्यावर मोजून घ्या. कपाने मैदा घेताना तो दाबून भरला की सहज ३०-४० ग्रॅम जास्त जातो, आणि मऊ कुकीच्या बाबतीत तेवढा फरक पुरेसा होतो. बाजारातले नेहमीचे बटर खारवलेले असते, त्यामुळे वेगळे मीठ घालू नका. बिनमिठाचे बटर असेल तर पाव छोटा चमचा मीठ घाला. काजू अख्खे कशाला? तुकडा काजू स्वस्त मिळतो आणि चव तीच. जायफळ फोंडा तालुक्यातल्या कुळागरांतलेच, म्हणजे सुपारीच्या बागांतलेच, मिळाले तर उत्तम. आयत्या वेळी किसलेल्या जायफळाला जो वास असतो तो डब्यातल्या पुडीला नसतो.

सफरचंद कोणते घ्यावे

सफरचंद गोव्यात पिकत नाही. ऑगस्टपासून हिमाचलचा माल यायला लागतो, त्यामागून काश्मीरचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगाव-फोंड्याच्या मार्केटात या दिवसांत ताजी, रसरशीत फळे मिळतात. उन्हाळ्यात मिळतात ती बहुतेक शीतगृहातली किंवा परदेशी. दिसायला चकचकीत, पण चवीला सपक आणि आतून पिठूळ असू शकतात. घट्ट, किंचित आंबट फळ या कुकीला सर्वांत चांगले. आंबटपणामुळे साखरेची गोडी अंगावर येत नाही, आणि परतल्यावरही फोडी शाबूत राहतात. हिरवे आंबट सफरचंद मिळाले तर एक हिरवे, एक लाल असे घ्या. पूजेतली सुरकुतलेली लाल सफरचंदेही चालतात, त्यात लिंबाचा रस थोडा जास्त घाला. मऊ पडून पिठूळ झालेले फळ मात्र घेऊ नका, परतताना त्याचा लगदा होतो.

पाणी आटवणे

सफरचंदे सोला, बी काढा आणि वाटाण्याएवढ्या फोडी करा. किसण्यापेक्षा फोडी बऱ्या, कारण खाताना सफरचंद दाताखाली आले पाहिजे. फोडींना लगेच लिंबाचा रस चोळा म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत.

पसरट कढई किंवा तवा मध्यम आचेवर ठेवा, छोटा चमचाभर बटर घाला आणि फोडी एका थरात पसरा. झाकण ठेवू नका. झाकण ठेवले की वाफ परत फळात उतरते. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग तळाशी पाणी सुटू लागते, कढईत बारीक खदखद सुरू होते आणि फोडींच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागतात. या वेळी एकूण साखरेतून एक मोठा चमचा साखर आणि सगळी दालचिनी घाला. साखरेने पाणी आणखी सुटते, म्हणून घाबरू नका. हलवत राहा. सात-आठ मिनिटांनी आवाज बदलतो: खदखद थांबून परतल्याचा चरचर आवाज येतो. उलथने तळावरून ओढले की मागे मोकळी वाट राहिली पाहिजे. त्या वाटेत पाणी धावून आले तर अजून दोन मिनिटे हवीत. फोडींवर तपकिरी, चकचकीत पातळ थर आला की गॅस बंद करा. अडीचशे ग्रॅमच्या आसपास घातलेल्या फोडी आता दीडशे ग्रॅम उरतात.

त्या ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट फोडी पिठात घातल्या तर बटर वितळते आणि सगळे गणित बिघडते. घाई असेल तर ताट दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा.

पीठ तयार करणे

बटर किती मऊ असावे, हे आपल्याकडे नीट पाहावे लागते. थंड प्रदेशातल्या पाककृतींत 'बटर तासभर बाहेर ठेवा' असे लिहिलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तासाभरात त्याचे तेल होते. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊन आरपार जाऊ नये. फारच मऊ झाले असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा.

बटर, ब्राऊन शुगर आणि उरलेली साखर लाकडी चमच्याने किंवा बीटरने दोन-तीन मिनिटे फेटा. मिश्रण फिकट आणि हलके दिसले की पुरे. ब्राऊन शुगर आणि गूळ पाणी धरून ठेवतात, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. नुसत्या पांढऱ्या साखरेने ती कडांना कडक होते. माडाचा काळा गूळ घरी असेल तर त्यातला थोडा बारीक चिरून, गुळाच्या पावडरीऐवजी निम्मा वापरून पाहा. त्याची किंचित खारट, धुरकट चव सफरचंदाबरोबर फार छान लागते. पण तो ओलसर असतो, म्हणून सगळाच तो घालू नका.

आता अंडे घालून एकजीव करा. मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, सोडा आणि जायफळ दोनदा एकत्र चाळून घ्या आणि दोन हप्त्यांत मिसळा. इथे हात आवरायचा. मैदा ओला झाल्यावर जितका घोटाल तितका त्यातला चिवटपणा वाढतो, आणि कुकी पावासारखी होते. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा. शेवटी गार झालेल्या फोडी आणि काजू उलथन्याने हलकेच मिसळा. पीठ चपातीच्या कणकेसारखे हातात घेण्याजोगे होणार नाही. ते सैल आणि थोडे चिकट असते, चमच्यातून सावकाश खाली पडते, आणि तसेच हवे.

भांडे झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ही पायरी टाळू नका. गार पिठातले बटर ओव्हनमध्ये हळू वितळते, त्यामुळे कुकी पसरायच्या आधी फुगते.

भाजणे

ओव्हन १८० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, किमान दहा मिनिटे आधी तापवा. कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह असेल तर १७० अंश ठेवा, पंख्याच्या हवेने कडा लवकर सुकतात. ट्रेवर बटर पेपर घाला, भरगच्च मोठा चमचाभर पीठ एकेका जागी ठेवा आणि मध्ये दोन बोटे अंतर सोडा. घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) एका वेळी आठ-नऊच बसतात. बाकीचे पीठ तोवर फ्रिजमध्येच राहू द्या. चमच्याच्या ओल्या पाठीने वरून हलके दाबा, कारण ही कुकी आपणहून फार चपटी होत नाही.

मधल्या खाचेत १३ ते १५ मिनिटे. अकराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कडा सोनेरी झालेल्या असाव्यात, मधला भाग फिकट आणि कोरडा दिसावा, बोटाने हळू टेकवले तर किंचित दबावा. सुरीच्या टोकाने एक कुकी उचलून तळ पाहा: तळ सोनेरी तपकिरी असेल तर झाली. मधला भागही कडांएवढा तांबूस होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ती कोरडी लागेल. बाहेर काढल्यावरही गरम ट्रेवर ती आतून शिजत असते, म्हणून पाच मिनिटे ट्रेवरच ठेवा. त्याआधी उचलली तर मोडते. मग जाळीवर काढा आणि पूर्ण गार होऊ द्या.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्येही होतात. तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा. कुकरची शिट्टी आणि रबर काढायला विसरू नका. थाळीत चार-पाच कुकीज ठेवून मंद आचेवर अठरा ते बावीस मिनिटे भाजा. वरून रंग फारसा येत नाही, पण मऊपणात काही कमी पडत नाही. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हाच मार्ग.

अंड्याशिवाय

चवथीच्या दिवसांत आणि श्रावणात आमच्या घरात अंडे शिजत नाही, त्यामुळे काकीची बिनअंड्याची कृती खरे तर अधिक वेळा होते. अंड्याच्या जागी तीन मोठे चमचे घट्ट दही घ्या. पाणीदार दही फडक्यात अर्धा तास बांधून घेतलेले बरे. दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून कुकी छान फुलते. पीठ किंचित घट्ट वाटले तर चमचाभर दूध. भाजायला एखादे मिनिट जास्त लागते आणि रंग फिकट राहतो, तेव्हा रंगाच्या मागे न लागता तळ पाहूनच काढा.

निम्मा मैदा काढून कणीक घातली तरी चालते, त्यासाठी दूध दोन चमचे वाढवा. सगळी कणीक घातलेली मला आवडत नाही. सफरचंदाची चव तिच्याखाली दबते.

टिकवणे

कुकीज किंचितही गरम असताना डबा बंद करू नका. आतल्या वाफेचे पाणी होते आणि आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही. दोन थरांमध्ये बटर पेपर ठेवा, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. फळ असल्यामुळे बाहेर दोनच दिवस, जून ते सप्टेंबर तर एकच दिवस ठेवा; पुढे फ्रिजमध्ये पाच दिवस चांगल्या राहतात. फ्रिजमधली कुकी गार आणि घट्ट लागते. खायच्या आधी १५० अंशांवर तीन-चार मिनिटे गरम करा, नाहीतर तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे.

नाताळात शेजाऱ्यांकडून नेवऱ्या, दोदोल, बेबिंका येते तेव्हा आमच्याकडून याच कुकीज जातात, आणि त्या वेळी खूप लागतात. मग आठवडाभर आधी पीठ करून ठेवता येते. चमच्याने गोळे ट्रेवर घालून फ्रीजरमध्ये दोन तास कडक होऊ द्या, मग घट्ट पिशवीत भरा, वर तारीख लिहा. महिनाभर टिकतात. भाजताना बाहेर काढून वितळवत बसू नका. गोठलेलेच गोळे तापलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर ठेवा, १७ ते १९ मिनिटे लागतील. दहाव्या मिनिटाला ट्रे बाहेर ओढून वरून चमच्याने दाबा आणि लगेच परत आत सरकवा.